फुटाला एक सूत

कंद आला तो गगनबावड्याहून,
मेव्हण्याच्या पिशवीत, पेपरात गुंडाळलेला,
मुंगसासारखा झोपलेला, अंगावर खवले.
म्हणाला, ‘कासाळू हाय. खायाचा न्हाई. नुसता वाढतो.’

नुसता वाढतो, हे मला आवडलं.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न केले मी,
पंपाची बॉडी, चरकाचा दात, कप्प्या.
सागाला सांगितलं तेवढंच साग व्हायचा.

न्हाणीच्या मोरीखाली खड्डा घेतला.
गंगावेशीत म्हशी धारेला उभ्या राहतात,
तिथलं शेण सायकलवरून आणलं दोन खेपा,
वर गुऱ्हाळाची चिपाडं.
सून म्हणाली, ‘वड्या होतील?’
‘होतील, पण घसा धरून बसावं लागेल.’
तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग पानं.
एकेक पान सुरळीतून निघतं,
ताज्या कातडीसारखं ओलं, चुण्यांसकट,
आणि दुपारपर्यंत ताणून बसतं,
जणू कुणी खिळे मारून वाळत घातलंय.
रोज सकाळी पट्टी लावतो मी.
पट्टी माझी जुनी, पॅटर्नची. ती खरं बोलत नाही.
बीड थंड होताना आकसतं,
म्हणून फुटाला एक सूत आधीच जास्त धरलेलं असतं तिच्यात.
म्हणजे वहीत मी जे लिहितो
त्याहून पान थोडं मोठंच असतं.
हे कुणाला सांगत नाही.

भिंतीपलीकडे श्रीपाल मगदूम.
कंदमूळ त्यांच्या चुलीवर चढत नाही,
सावली मात्र त्यांच्या पत्र्यावर बिनदिक्कत पसरली.
वैशाखात एका पहाटे हाक आली,
‘सुतार, ते टपटप बंद करा.’

पोटभर पाणी प्यायलेलं पान
रात्री टोकाशी थेंब धरतं आणि सोडतं.
पत्रा, थेंब. पत्रा, थेंब.
मला ते ऐकू येत नव्हतं, मी आत झोपतो.
मी म्हटलं, ‘थेंबच आहे.’
ते म्हणाले, ‘थेंबच तर.’

पान कापलं मी, रागानं, विळ्यानं.
चीक मनगटावर आला. अशी आग, अशी खाज,
की भट्टीजवळ उडालेली ठिणगी बरी.
मगदूमच आले, वाटीत चिंच कोळून.
चोळता चोळता, माझ्याकडे न बघता म्हणाले,
‘पद्माच्या सलाइनचे थेंब मोजायचो मी सीपीआरमध्ये.
मिनिटाला वीस. नर्सनं सांगितलं होतं, जास्त झाले तर उठवा.
एकोणीस रात्री.’
चिंच सुकली. आम्ही दोघंही उठलो नाही.

पानाला दिशा शिकवता येत नाही.
पुढचं निघालं तेही भिंतीकडेच वाकलं,
ऊन तिकडून येतं, त्याला काय करणार.
मग रेशनचं एक पोतं घडी करून
त्यांच्या पत्र्यावर अंथरलं, वर दोन विटा.
थेंब आता पडतो, बोलत नाही.

ही गोष्ट इथंच संपायची,
पण श्रावणात पोत्यावर शेवाळ धरलं,
आणि भिंतीच्या मुळाशी, त्यांच्या बाजूला,
फरशीच्या फटीतून एक सुरळी वर आली,
करंगळीएवढी, हिरवी, न विचारता.
मला वाटलं, उपटतील.

परवा ते दारात उभे, चप्पल न काढता.
‘सुतार, ती तुमची पट्टी जरा देता का?’
दिली.
काल भिंतीवरून ओरडून सांगितलं त्यांनी,
‘दीड फूट! बरोब्बर दीड!’
मी म्हटलं, ‘वा.’
त्या दीड सुताबद्दल काही बोललो नाही.

पट्टी अजून परत आलेली नाही.
माझी पानं सध्या
डोळ्यांनीच मोजतोय.